घोंगडी हाय म्हंजी बयाबाई हाय

अहो, नवरीची आईच मागं राहिली! वऱ्हाडाची गाडी भरली, नवरी बसली, करवल्या बसल्या, रुखवताचा टेम्पो पुढं गेला, चाकापुढं नारळ फुटला, गाडी हलली, आन् नवरीची आई गावातच. आन् ती गाडी चालवत कोण होता? मी. सर्जेराव ड्रायव्हर, शिरूर डेपो. तवा मी सांगतोय ते कुणाच्या तोंडून ऐकलेलं न्हाई. स्टेअरिंग माझ्याच हातात होतं, आन् त्या दिवशी जीव जो टांगणीला लागला तो अक्षता पडल्यावरच सुटला.

पण आधी बयाबाई कोण ते सांगतो. न्हाईतर तुम्ही म्हणाल, नवरीची आई गाडीत न्हाई हे एवढ्या माणसांत एकालाही दिसू नये म्हंजी काय! मीसुद्धा तेच म्हटलं असतं. पण बयाबाई माहीत असती तर म्हटलं नसतं.

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. न्हावऱ्याला माझी मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी जायचं, देवळाच्या ओट्यावर पथारी टाकायची आन् तांबडं फुटलं की दौंडला निघायचं. दौंड म्हंजी रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळं सकाळच्या गाडीला ही झुंबड. कुणाला पुण्याची गाडी गाठायची, कुणाला कोर्टाची तारीख, कुणाला दवाखाना. आन् एसटीची रीत तुम्हाला ठाऊकच हाय. दार उघडायच्या आधी खिडकीतनं रुमाल आत पडतो, टोपी पडती, पिशवी पडती. ज्याचा रुमाल त्याची जागा. एका बहाद्दरानं तर एकदा चप्पल टाकली होती, आन् वर ती कुणी हलवली म्हणून भांडला.

बयाबाई धनगराची. सासऱ्याच्या काळात त्यांची मेंढरं असायची, पावसाळा सरला की पार कोकणात उतरायची. पुढं नवऱ्यानं, रखमाजीनं, मेंढरं विकून म्हशी घेतल्या, थोडा ऊस, थोडा कांदा करून गावात घर बांधलं. बयाबाई रोज सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन दौंडच्या रेल्वे कॉलनीत रतीब घालायला जायची. घर स्टँडाला लागून, म्हणून गाडीत पहिली तीच. ती रुमाल टाकायची न्हाई. सासऱ्याची जुनी काळी घोंगडी मधनं विरली होती, ती कापून तिनं हात-हातभर तुकडे केले होते. गाडीत शिरली की एक तुकडा या सीटवर, एक त्या सीटवर, एक मागच्या खिडकीला.

माझं डोकं पहिल्यापासनं गरम. मला वाटलं, ही बाई भावकीची सोय करतीय. पहिल्याच आठवड्यात गाठलं तिला. म्हटलं, ओ बाई, गाडी सरकारची हाय, तुमच्या घरची ओसरी न्हाई. ती 'व्हय' म्हणाली आन् पुढचा तुकडा टाकला. उलट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. पण जी 'व्हय' म्हणून आपलंच करती, तिच्याशी माणसानं भांडायचं कसं?

मंग मी आरशातनं बघायला लागलो, हे तुकडे जातात कुणाला. तर पुढच्या खिडकीचा तुकडा रंगुबाईला. रंगुबाई म्हातारी, शेजारीण, भावकी न्हाई का नातं न्हाई. तिला गाडी लागायची. खिडकी मिळाली आन् हुंगायला लिंबू मिळालं तरच ती धड दौंडला पोचायची. लिंबूसुद्धा बयाबाईच्याच ओच्यातनं निघायचं. कुणी लेकुरवाळी येणार असली की तिच्यासाठी उजव्या बाजूची सीट, कारण सकाळी दौंडला जाताना ऊन डाव्या अंगाला येतं. मी एवढी वर्षं त्या रस्त्यानं गाडी मारली, पण ऊन कुठल्या अंगाला येतं हे मला तिनं तुकडे टाकल्यावर कळलं.

आन् दाराजवळची, पाय लांब करता येईल अशी सीट आनंदराव आप्पांना. हे आप्पा म्हंजी गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. मिशीला पीळ, धोतराला इस्त्री. त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता, पण ताठा असा की कुणी 'बसा आप्पा' म्हटलं तर मुद्दाम उभे राहतील. माझा गुडघा दुखतो हे त्यांनी सख्ख्या लेकालासुद्धा सांगितलं नसंल. बयाबाईनं ते कसं ओळखलं देव जाणे. आप्पा गाडीत चढले की ही लगेच दुसरीकडं बघायला लागायची, खिडकीबाहेर, किटल्यांकडं, कुठंही. आप्पा घोंगडीचा तुकडा हळूच बाजूला सारून बसायचे, जागा जणू आपोआप मिळाली. दोघं एकमेकांकडं बघायची न्हाईत का बोलायची न्हाईत. वर्षानुवर्षं हे असं चाललेलं, आन् आख्ख्या गाडीत ते फक्त मला आरशात दिसायचं.

मी तरी काही हार मानली नव्हती बरं का. एक दिवस डोक्यात राख घातली आन् सगळे तुकडे गोळा करून इंजिनाच्या बॉनेटवर टाकले. म्हटलं, बसंल त्याची जागा. त्या दिवशी रंगुबाईला खिडकी मिळाली न्हाई, ती गर्दीत ढकलत ढकलत पार माझ्या शेजारी येऊन पोचली, आन् इनामगावच्या अलीकडंच माझ्या बुटांवर उलटी केली. नवे बूट हो! त्या दिवसापासनं कानाला खडा. तुकड्यांना हात लावला न्हाई.

आन् माझं स्वतःचंच ऐका. मला पित्ताचा त्रास. सकाळी हॉटेलवाला प्रेमानं चहा आणून द्यायचा, न्हाई कसं म्हणायचं? मी तो घेऊन गाडीच्या मागं जायचो आन् ओतून टाकायचो. कुणाला पत्ता नव्हता. एक दिवस बघतो तर स्टेअरिंगजवळ झाकण घातलेला तांब्या, आत ताक. दुसऱ्या दिवशीही. बयाबाई एका शब्दानं बोलली न्हाई. मीही ताक प्यायचो, मिशी पुसायचो आन् पुन्हा तिच्याशी भांडायचो, की या किटल्या वाटेत का ठेवल्या म्हणून.

सगळ्यांना जागा धरून ती स्वतः दाराजवळच्या दांडीला धरून उभी. कुणी चढायला लागलं की हात द्यायचा, कुणाचं गाठोडं वर ओढायचं, कुणाचं पोरगं उचलायचं. तिला गाडीत बसलेली मी कवाच बघितली न्हाई. हळूहळू गावात म्हणायचीच पद्धत पडली, घोंगडी हाय म्हंजी बयाबाई हाय. माणसं चहाला जायची, बिनघोर. सीटवर काळा तुकडा दिसला की त्यावर कुणी बसत नव्हतं आन् कुणी काही विचारतही नव्हतं. अहो, याच विश्वासानं त्या दिवशी आमचा घात केला!

तिच्या लेकीचं, धनश्रीचं लग्न ठरलं ते या रतिबामुळंच. कॉलनीत सारजाबाई म्हणून एक गिऱ्हाईक होतं. नवरा रेल्वेत गार्ड, रात्रपाळी करून सकाळी झोपलेला असायचा. बाकीचे दूधवाले कडी वाजवून आळी जागी करायचे. बयाबाई उंबऱ्यात ठेवलेलं पातेलं भरून, झाकण घालून, पायरव न करता निघून जायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सारजाबाईनं हे मनात धरून ठेवलं, आन् पोरगा रेल्वेत लागल्यावर सरळ म्हणाली की या बाईची लेक मला सून पाहिजे. पण बाई मोठी कडक. साखरपुड्यालाच बजावलं, बाकी मानपान नको, पण दुपारचा मुहूर्त टळता कामा नये. आमचं रेल्वेचं घर हाय, आमच्याकडं वेळ झाली की गाडी सुटती.

वऱ्हाडासाठी रखमाजीनं एसटी ठरवली आन् डेपोत जाऊन सांगितलं की ड्रायव्हर सर्जेरावच पाहिजे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वर दाखवला न्हाई. पण आदल्या दिवशी ड्रेसला कडक इस्त्री केली, गाडी धुतली, आरशाला झेंडूची माळ बांधली.

सकाळी बयाबाई नवं हिरवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी हजर, आन् हातात घोंगडीचे तुकडे. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा! ही जागा रंगूआक्काची, ही आप्पांची, ही त्या पोटुशीची. मी तिच्या हातातला एक तुकडा ओढून घेतला आन् माझ्या पाठीमागच्या सीटवर अंथरला. म्हटलं, ही तुमची. नवरीच्या आईनं दांडीला लोंबकळत जायचं न्हाई, सांगून ठेवतो. ती हसली, बसते की म्हणाली, आन् खाली उतरली.

मंग झाली गर्दी. पोरं, नारळ, पिशव्या, हळदीची बोटं, कुणाचं पैंजण हरवलं, कुणाला मागच्या सीटवर बसायचं न्हाई. उशीर होत चाललेला. मी हॉर्नवर हात ठेवून बसलेलो. दोनदा ओरडून विचारलं, सगळी आली का? आली आली. मंग आप्पांना नीट विचारलं, बयाबाई आली का? आप्पांनी मान वळवून माझ्या मागची सीट बघितली. सीटवर घोंगडी. आप्पा म्हणाले, "घोंगडी हाय की. आली."

आप्पांचा शब्द. मी गिअर टाकला.

रखमाजी पुढं टेम्पोत रुखवताबरोबर होता, त्याला वाटलं बया एसटीत. एसटीतल्या बायांना वाटलं, सीट रिकामी दिसती म्हंजी रुखवत सांभाळायला टेम्पोत गेली असंल. आन् त्या सीटवर बसायचं तर कुणाच्या मनातसुद्धा आलं न्हाई. माणसं उभी होती, पोरं मांडीवर होती, पण घोंगडीवर कोण बसणार?

इनामगाव मागं पडलं. गाडीत गाणी चालली होती, मीही स्टेअरिंगवर ताल धरला होता. आन् रंगुबाईला मळमळायला लागलं. तिनं डोळे मिटूनच हात मागं केला आन् म्हणाली, "बये, लिंबू दे गं."

हात तसाच राहिला. त्यात लिंबू पडलं न्हाई.

"बये?"

गाणं थांबलं. सगळी गाडी इकडंतिकडं बघायला लागली. रंगुबाईनं डोळे उघडले आन् तिथंच तिला भडभडून आलं, पण त्याकडं बघायला कुणाला शुद्ध होती! काष्टीला टेम्पो चहाला थांबला होता. मी ब्रेक मारला, उडी टाकली, रखमाजीला विचारलं, बयाबाई कुठं? तो म्हणाला, तुमच्यात. मी म्हटलं, आमच्यात न्हाई. त्याच्या हातातली बशी खाली पडली.

आता काय करायचं? गाडी फिरवली तर आख्खं वऱ्हाड मुहूर्ताला मुकतं. पुढं न्यावी तर आईविना लग्न. एकजण म्हणाला, लग्न कुठं थांबतं, आई संध्याकाळी येईल. धनश्री गाडीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. बाशिंग लावायचं कपाळ, पण डोळ्यात पाणी न्हाई. ती मला शांतपणे म्हणाली, "मामा, आई आल्याबिगर मी अंतरपाटापुढं उभी राहणार न्हाई. लग्न मोडलं तर मोडू द्या."

माझं डोकं असं सणकलं! मी सगळ्या गावासमोर बोलून गेलो, "पोरी, मुहूर्ताच्या आत तुझी आई तुझ्यापुढं उभी करतो. न्हाई केली तर सर्जेराव परत स्टेअरिंगला हात लावणार न्हाई." बोललो खरा, आन् काय बोललो ते मागनं कळलं. पण जीभ पुढं गेली ती गेली.

समोर एसटीडीचा बूथ होता. न्हावऱ्याच्या डेअरीत फोन लावला. जयसिंगनं उचलला. तो तिथं दूध मोजायला असायचा. मी सांगायच्या आधीच तो म्हणाला, अहो मामा, बयाबाई आत्ताच दारावरनं पळत गेल्या, दौंडच्या रस्त्यानं, मला वाटलं वऱ्हाडाचं काही राहिलं असंल. म्हंजी बाई चालत दौंडला निघाली होती! मी म्हटलं, तुझी एमएटी फटफटी काढ, आन् तिला उचल. पुढचं मी सांगूच शकलो न्हाई, त्यानं फोन तसाच टाकला. डेअरीच्या दारात कुणाचेही कॅन उन्हात दिसले की बयाबाई त्यावर ओलं पोतं टाकून जायची, त्यातले निम्मे कॅन जयसिंगचे असायचे.

मी गाडी दौंडला हाणली. कॉलनीच्या मैदानात मांडव, सनई, दारात सारजाबाई घड्याळाकडं बघत उभी. मी आप्पांचा हात धरून बाजूला नेलं. म्हटलं, आप्पा, घोंगडी हाय म्हणालात तुम्ही. आता मी बाई घेऊन येईस्तोवर लग्न धरून ठेवायचं कामही तुमचंच. आप्पांचा चेहरा उतरला. सोसायटीच्या सभेत दोन वाक्यांच्या वर कवा बोलले न्हाईत असा माणूस. म्हणाले, मी काय करणार? म्हटलं, काहीही करा. आन् मोकळी गाडी फिरवली. डेपो काय विचारायचं ते विचारू दे!

दौंडच्या बाहेर पडलो आन् रेल्वेचं फाटक बंद. फाटकात मालगाडी उभी. हललेली न्हाई, नुसती उभी, पुढं सिग्नल मिळाला न्हाई म्हणून. मी हॉर्न वाजवला, खाली उतरलो, फाटकवाल्यावर ओरडलो. तो बिचारा म्हणाला, गाडी काय मी खिशात घालू? घामानं माझा इस्त्रीचा ड्रेस चिंब. आन् दोन डब्यांच्या मधनं पलीकडं बघतो, तर एमएटी! जयसिंग, आन् त्याच्या मागं दुधाच्या कॅनच्या कड्यांना दोन्ही हातांनी धरून बसलेली बयाबाई, हिरवं लुगडं धुळीनं पांढरं झालेलं.

तिनंही गाडी बघितली. तिनं पदर खोचला आन् सरळ डब्यांच्या मधनं वाकून यायला निघाली. मी ओरडलो, "बयाबाई, खबरदार! एक पाऊल पुढं टाकाल तर याद राखा!"

ती थांबली. आन् तिथनं, रुळाच्या पलीकडनं, मला काय विचारावं? "दादा, रंगूआक्काला उलटी झाली का?"

अहो, लेकीचं लग्न मोडायला आलंय, आन् बाई उलटी विचारतीय! मी म्हटलं, झाली, झाली, आधी मागं सरा. ती मागं सरली न सरली तोच मालगाडीनं हिसका दिला, सगळे डबे खडखडले आन् गाडी चालायला लागली. ती वाकली असती तर... ते सोडा. मला अजून त्याचा विचार करवत न्हाई.

फाटक उघडायच्या आधीच ती खालनं निघून गाडीत चढली. मी गाडी अशी वळवली की कडेच्या बाभळीच्या फांद्या टपावर घासल्या. म्हटलं, बसा. आरशात बघतो तर आख्खी गाडी रिकामी, आन् बाई दाराजवळच्या दांडीला धरून उभी! मी पुन्हा म्हटलं, बसा की. ती म्हणाली, आता काय, आलंच की दौंड.

मागं का राहिलात म्हणून मी खेकसलो, तर वाटेत सांगितलं. गडबडीत रंगूआक्काचं लिंबू विसरलं म्हणून ती आप्पांच्या विहिरीवरच्या झाडाकडं गेली. गोठ्यात बघते तर आप्पांच्या वासराला दाव्याचा फास बसलेला, जीभ बाहेर. सगळी माणसं वऱ्हाडात, गोठ्यावर कुणी न्हाई. दावं सोडवलं, तोंडावर पाणी मारलं, आन् ते उठून उभं राहीपर्यंत तिचा पाय निघेना. माझा हॉर्न तिला ऐकू आला होता. वाटलं थांबतील, म्हणाली. मी नुसता ॲक्सिलरेटर दाबला.

कॉलनी जवळ आली, आन् कर्ण्यातनं आवाज यायला लागला. लग्नात अक्षतांच्या आधी पुढाऱ्यांची भाषणं असतात, तशी वेळ झाली होती, आन् माईक होता आप्पांच्या हातात. अहो, आप्पा भाषण करत होते! कोरडा, अडखळत, पण थांबत नव्हता आवाज. आधी वधूवरांना आशीर्वाद देऊन झाले असावेत, कांद्याच्या भावावर बोलून झालं असावं, कारण आता ते भलतंच सांगत होते, आन् सगळा मांडव ऐकत होता.

"माझा गुडघा वाकत न्हाई," कर्णा बोलत होता. "हे मी घरात पण सांगितलं न्हाई. माणसानं जागा मागायची कशी? बयाबाईनं मला कवा मागू दिली न्हाई. रोज जागा धरली, आन् मी बसताना दुसरीकडं बघितलं. मी तिला एकदा पण बरं केलंस म्हटलं न्हाई. आज म्हणतो."

आरशात बघितलं. बयाबाईनं तोंडाला पदर लावला होता. माझ्याही डोळ्यांपुढं रस्ता पुसट झाला, खोटं कशाला बोलू. खरं सांगतो, रडलो मी.

आत काय झालं होतं ते नंतर कळलं. भटजी मुहूर्त चालला म्हणून दोनदा उठले. सगळ्यांना वाटलं, आता सारजाबाई भडकणार. तर ती त्यांच्या पुढं उभी राहिली आन् म्हणाली, बसा महाराज, अजून सिग्नल मिळाला न्हाई. वेळेवर गाडी सोडणारी ती बाई, पण त्या दिवशी तिनंच लाल बावटा धरला.

आम्ही मांडवात शिरलो आन् नुसता गलका उठला. न्हावऱ्याची माणसं उभी राहिली, वाजंत्र्यानं कुणी न सांगता सनई तोंडाला लावली, धनश्री मुंडावळ्यांसकट पळत आली आन् आईच्या गळ्यात पडली. आता कुठं तिला रडू फुटलं. बयाबाईनं तिचे डोळे पुसले, म्हणाली उगी, काजळ पसरतंय. मंग गर्दीतनं वाट काढत आधी रंगुबाईकडं गेली आन् ओच्यातनं लिंबू काढून तिच्या हातात दिलं. म्हणाली, परत जाताना लागंल.

भटजींनी घाई केली. अंतरपाट धरला, माणसांनी अक्षता मुठीत घेतल्या. मांडव खच्चून भरलेला, पाय ठेवायला जागा न्हाई. बयाबाई गेली आन् मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली. सवय हो, दुसरं काय!

आन् पुढच्या रांगेत, अगदी बोहल्यासमोर, एक खुर्ची मोकळी होती. तिच्यावर माझ्या गाडीतला काळा घोंगडीचा तुकडा. एवढी माणसं दाटीवाटीनं उभी, पण त्या खुर्चीला कुणाचा धक्का लागलेला न्हाई. बयाबाईनं ती बघितली, आन् शेजारच्या बाईला हळूच विचारलं, की ही जागा कुणासाठी धरलीय, अजून कोण यायचं राहिलंय का.

सारजाबाईनं ते ऐकलं. ती आली, तिचा हात खांबावरनं सोडवला आन् म्हणाली, "विहीणबाई, तुमच्यासाठीच धरलीय. तुमच्या आप्पांनी. त्यांचीच खुर्ची हाय ती."

बयाबाईला ते खरं वाटंना. ती खुर्चीपाशी गेली, तुकडा उचलून बघितला, पुन्हा नीट अंथरला आन् हळूच बसली. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. एवढ्या वर्षांत तिला बसलेली मी तवा पहिल्यांदा बघितली.

पण अर्ध्यातच तिला आठवलं. तिनं वळून मागं बघितलं. आप्पा मांडवाच्या कडेला, काठीवर सगळा भार टाकून, तो न वाकणारा पाय बाजूला काढून उभे होते. बयाबाई खुर्चीतनं अर्धी उठली.

आप्पांनी मान फिरवली, आन् दुसरीकडं बघायला लागले.